राखण

फळझाड लावणे सोपे असते. त्याची राखण करणे अवघड. रोपाला पाणी घालताना मनुष्याला ते केवळ स्वतःचे वाटते. परंतु झाड फळांवर आले म्हणजे या मालकीविषयी इतरांचे मत निराळे आहे, असे त्याच्या ध्यानात येते. पहाटे पोपटांचा थवा उतरतो, दिवस वर आला की खारींची धावपळ सुरू होते आणि रात्री वटवाघळे हजर होतात. यांपैकी कोणीही परवानगी मागत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूल हे गाव आहे. भोवतालच्या पाड्यांवर कोकणा, वारली, महादेव कोळी या समाजांची वस्ती आहे. पावसाळ्यात उतारावरील लहानशा शेतांत भात, नागली आणि वरई पिकते. अशा ठिकाणी परसातील आंब्याचे झाड ही नुसती हौस नव्हे. त्याच्या फळांनी वैशाखात मुलांची तोंडे गोड होतात, वाळवलेल्या कैऱ्या पुढे कालवणाला आंबटपणा देतात आणि उरलेली पाटी बाजारात नेली तर मीठमिरचीचे पैसे सुटतात. पोपट मात्र कैरीला चोच मारतो, दोन घास खातो आणि ती टाकून दुसरीकडे वळतो. त्याचे पोट भरते थोडक्यात, पण नुकसान होते पुष्कळ. तेव्हा घरधनिणीला येणारा राग अकारण नसतो.

ही राखण बहुधा मुलांकडे येते आणि मुलांच्या हाती गलोर येते. बेचक्याची फांदी, रबराच्या दोन पट्ट्या आणि कातड्याचा तुकडा एवढ्यात हे हत्यार तयार होते. प्रारंभी खडा पोपटाला हुसकण्यासाठी सुटतो. पुढे नेमाचा छंद लागतो. मग फळाला न शिवणारा होलाही त्यातून सुटत नाही. कधी मारलेले पाखरू चुलीवरही जाते. अशा रीतीने एका झाडाच्या राखणीपायी सारे रान मुके होऊ लागते.

वस्तुतः या चोरांच्या पदरी काही पुण्यही असते. पेरू टोचणारा बुलबुल पिलांना अळ्या आणि किडे भरवतो. करवंदे, जांभळे खाणारी पाखरे त्यांच्या बिया दूरवर टाकतात. डोंगरावरची कितीतरी झाडे कोणा माळ्याने लावलेली नाहीत. ती अशा पाहुण्यांनीच लावली आहेत. कायदाही पाखरांच्या बाजूने उभा आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पोपट, बुलबुल यांसारख्या पक्ष्यांना मारणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु कायद्याने जे साधत नाही, ते कधी मनाच्या पालटाने साधते. 2020 नंतरच्या काळात नाशिकच्या पश्चिमेकडील आदिवासी पाड्यांवर वनखात्याने आवाहन केले आणि कितीतरी मुलांनी आपल्या गलोरी आपण होऊन जमा केल्या.

असा पालट एकदा मुंबईच्या एका मुलाच्या मनातही घडला होता. बालपणी त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ही कोणती चिमणी हे विचारण्यासाठी तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तेथील पक्ष्यांचा संग्रह पाहून त्याचे कुतूहल जागे झाले आणि पक्ष्यांचा अभ्यास हेच त्याचे आयुष्य झाले. तो मुलगा म्हणजे थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली (1896–1987).

गलोर खाली ठेवली म्हणून राखण मात्र सोडावी लागत नाही. पेरूच्या व सीताफळाच्या फळांवर कापडाची पिशवी बांधली, तर चोच सहसा आत पोचत नाही. खोडाला सुमारे सहा फूट उंचीवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळला, तर खारीचे पाय घसरतात. मात्र फांद्या छपराला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या नसाव्यात आणि खोड वाढेल तसा पत्रा सैल करावा. जाळे लावायचे तर ते बारीक विणीचे व ताणलेले असावे, नाहीतर पाखरे त्यात अडकून मरतात. बुजगावण्याची जागा वरचेवर बदलावी. एकाच जागी उभ्या असलेल्या रखवालदाराला पाखरे लवकरच ओळखतात. रानालगत कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घातले, तर शेळी आणि भेकर दोन्ही दूर राहतात.

आंब्याला पाड लागला, की झेल्याने फळे उतरवून गवताच्या अढीत पिकत घालावीत. शेंड्यावरच्या चार फळांपर्यंत झेला पोचत नाही. ती खुशाल पाखरांसाठी राहू द्यावीत. ज्यांनी डोंगरावर एवढी झाडे लावली, त्यांची मजुरी त्याहून जास्तच होईल.