‘पक्षांतर’, ‘आयाराम’, ‘खोके’

राज्यघटनेच्या 10व्या अनुसूचीच्या शीर्षकात ‘पक्षांतर’ आहे. पण तिच्या पहिल्या परिच्छेदात ज्या संज्ञांचे विवरण केले आहे, त्यांत ‘सभागृह’, ‘विधानमंडळ पक्ष’, ‘मूळ राजकीय पक्ष’ आढळतात, ‘पक्षांतर’ आढळत नाही. 1985च्या 52व्या घटनादुरुस्तीने अपात्रतेस कारण ठरवलेला दोष असा अव्याख्यातच राहिला. पुढे सांगितल्या आहेत त्या केवळ कृती: स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे, पक्षादेशाविरुद्ध मतदान करणे वा मतदानास अनुपस्थित राहणे. मराठी प्रतिशब्द तर याहून सोवळा. ‘स्थलांतर’, ‘भाषांतर’, ‘वेषांतर’ यांच्या पंगतीला बसणाऱ्या या समासात निंदेचा लवलेश नाही. ‘फितुरी’ हा जुना, धारदार शब्द हाताशी असूनही परिभाषेने तो टाळला. कायद्याच्या भाषेने तसे करणे योग्यच; परंतु निंदेची जी जागा रिकामी राहिली, ती भरण्याचे काम बोलीकडे आले.

बोलीने ते कायद्याच्या आधीच आरंभले होते. 1967 साली हरयाणात अपक्ष निवडून आलेल्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला, आणि त्यातून ‘आयाराम-गयाराम’ ही जोडी जन्मली. ‘गया’ हे विशेषनाम हिंदीत क्रियापदाचे रूपही आहे, या श्लेषावर सारा खेळ उभा आहे. मराठीत तो श्लेष मूळचा नव्हे. तरीही ‘आयारामांना तिकीट, निष्ठावंतांना डच्चू’ अशी विभक्तिप्रत्यय लावलेली रूपे येथे सहज रुळली. व्यक्ती विस्मृतीत गेली, प्रवृत्ती उरली. या व्याख्येत येणे-जाणे आहे; ते कशासाठी, हे मात्र नाही.

ते सांगणारा शब्द मुंबईच्या गुन्हेगारी जगतातून आला. तेथील सांकेतिक भाषेत ‘पेटी’ म्हणजे एक लाख, ‘खोके’ म्हणजे एक कोटी. आधाराधेयसंबंधावर उभी असलेली ही लक्षणा आहे: पात्राचा उच्चार करायचा, आतल्या वस्तूचा नाही. 2022च्या जूनमध्ये शिवसेनेत फूट पडली आणि ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. ज्यांच्यावर रोख होता त्यांनी आरोप फेटाळला. तो सिद्ध झालेला नाही. परंतु ‘लाच’ म्हटले असते तर पुरावा मागितला गेला असता. ‘खोके’ म्हणताना वाच्यार्थ पुठ्ठ्याचा राहतो आणि व्यंग्यार्थ प्रत्येकास कळतो. शिवाय ‘ओके’च्या यमकाने संतापाचे हसू करून टाकले. हा लाभ कोणाचा, हे विचारण्यासारखे आहे.

त्याच घटनेला करणाऱ्यांनी ‘उठाव’ म्हटले, विरोधकांनी ‘गद्दारी’. ‘उठाव’ला 1857च्या इतिहासलेखनातील वादाची पुण्याई आहे, ‘बंड’ म्हटले की सत्ता वैध ठरते, ‘उठाव’ म्हटले की उठणारा. ‘गद्दारी’ निष्ठा गृहीत धरते, आणि ती पक्षाशी वा नेत्याशी.

या साऱ्या शब्दांचे संबंधी तपासले की एक चमत्कारिक उणीव दिसते. ‘पक्षांतर’ सदस्य आणि पक्ष यांच्यातले, ‘गद्दारी’ अनुयायी आणि नेता यांच्यातली, ‘खोके’ देणारा आणि घेणारा यांच्यातले. ज्याच्या मताने हे सारे घडणे शक्य झाले, तो मतदार यांपैकी एकाही शब्दाच्या अर्थव्याप्तीत कोठेच बसत नाही. त्याच्या वाट्याला स्वतंत्र शब्द आहे तो ‘व्होट बँक’; आणि तीही ठेव दुसऱ्याच्याच खात्यावर मांडलेली.