घोड्याच्या पायाखालचे लाकूड

बेळगावचा पाऊस एकदा बसला की घोडा पाळणाऱ्या गरीब माणसाच्या अंगणात नुसती राड होते. वरातीसाठी दोन घोडे बाळगणारे आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ परवा विचारू लागले, "फादर, वखारीत लाकडाचे ढलपे फुकट मिळतात, अंगणात पसरू का?" सेमिनरीत हा विषय कोणी शिकवीत नाही, परंतु माझे आजोबा टांगा हाकीत, त्यामुळे घोड्याच्या पायांविषयी मला पूर्वीपासून आस्था आहे.

पसरा, मी म्हणालो, पण लाकूड कोणते ते आधी विचारा. अमेरिकेतील काळ्या अक्रोडाचा भुसा घोड्याने खाण्याचीही गरज नसते. त्यावर तो नुसता उभा राहिला तरी पुष्कळदा १२ ते २४ तासांत पाय सुजतात, खूर तापतो, पाऊल उचलवेनासे होते. अंथरुणात त्याचा वाटा शेकडा २० असला तरी पुरतो. खुराच्या आत हाडाला कवचाशी जखडून ठेवणारे नाजूक पापुद्रे असतात, त्यांचा हा दाह. तो बळावला की हाड कवचापासून सुटते, आणि जनावर हातचे जाते. काश्मीरचा अक्रोड ही जात निराळी. तथापि फर्निचरासाठी अमेरिकन अक्रोड आपल्याकडेही येतो, म्हणून विचारलेले बरे. कण्हेरीची छाटणी तर ढिगात चुकूनही नको. तिची मूठभर पानेही घोड्याचा जीव घेतात. वाळवीसाठी आर्सेनिकयुक्त औषध पाजलेल्या फळ्याही नकोत. रिकामा घोडा काहीही चघळतो, हे टांगेवाल्यांच्या घरी कुणालाही ठाऊक असते.

चिखलावरच ढलपे ओतणे म्हणजे चिखल वाढविणे होय. आधी पाण्याला वाट काढावी, राड उपसावी, मुरूम-खडी दाबून बसवावी आणि मग वीतभर थर द्यावा. लीद रोज उचलावी. चारा-चंदी त्यावर टाकू नये. तिच्याबरोबर लाकूड पोटात गेले की पोटशूळ उठतो. ढलपे कुजून काळे, निसरडे झाले की सगळा थर काढून बागेत टाकावा. ओलसर थरावर सतत उभे राहून खुराचा तळवा सडतो, म्हणून कोरडी जागा वेगळी हवीच.

गृहस्थांनी चौकशी केली. ढिगात बहुतेक पाइनचे लाकूड आहे, पण जुन्या रंगविलेल्या फळ्याही त्याच यंत्रातून निघतात. त्या घालण्यापूर्वी यांची पोती भरून ठेवण्याचे वखारवाल्याने कबूल केले आहे. मुरूम मात्र अजून यावयाचा आहे.