पंचावन्न पायऱ्यांखालची शांतता

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहराच्या दक्षिणेस सुमारे ४० किलोमीटरवर, निवडुंगांच्या वाळवंटात ‘टायटन क्षेपणास्त्र संग्रहालय’ आहे. ५५ पायऱ्या उतरून गेले की शीतयुद्धाचा काळ जसाच्या तसा समोर उभा राहतो. विवरातील ३१ मीटर उंचीचे ‘टायटन-२’ आज रिकामे आहे. परंतु १९६३ पासून सुमारे दोन दशके येथे खरे अस्त्र अहोरात्र सज्ज असे. त्याच्या अग्रभागी ९ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब होता. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बच्या सुमारे ६०० पट शक्तीचा! अशी ५४ क्षेपणास्त्रे ॲरिझोना, कॅन्सास व अर्कान्सा या राज्यांत भूमिगत ठेवली होती.

नियंत्रणकक्षात चौघांचे पथक पहारा देई. प्रक्षेपणाच्या दोन किल्ल्या एकमेकींपासून इतक्या दूर, की एकट्या माणसाला त्या एकाच वेळी फिरवता येऊ नयेत. एकाची बुद्धी फिरली तरी अनर्थ टळावा, ही योजना. आपले अस्त्र कोणत्या शहरावर जाणार, हे मात्र पथकाला सांगितलेले नसे.

‘या भयानेच शांतता राखली’, असे अनेक जण मानतात. तथापि भयाच्या या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते : कोणाच्याही हातून कधीही प्रमाद घडणार नाही. प्रत्यक्षात काय घडले? १८ सप्टेंबर १९८० रोजी अर्कान्सातील डमॅस्कसजवळ, अशाच एका विवरात, दुरुस्ती करणाऱ्याच्या हातून पान्ह्याचा एक जड भाग निसटला व त्याने इंधनटाकीला छिद्र पाडले. काही तासांनी क्षेपणास्त्राचा स्फोट झाला, एक सैनिक मृत्युमुखी पडला आणि बॉम्ब बाहेर फेकला गेला. तो फुटला नाही, एवढेच.

तीन वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८३ रोजी, सोव्हिएत संगणकांनी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे येत असल्याची सूचना दिली. लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी विवेक राखून ती खोटी ठरवली. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून आपल्याला निश्चिंत राहता येत नाही. ९ मार्च २०२२ रोजी भारताचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानच्या हद्दीत पडले. त्यावर स्फोटके नव्हती आणि समोरच्यांनी संयम राखला. म्हणून दोन अण्वस्त्रधारी शेजारी वाचले.

टूसॉनच्या विवराचे अवजड झाकण कायमचे अर्धवट उघडे ठेवले आहे. हे विवर निकामी झाल्याची खात्री प्रतिपक्षाच्या उपग्रहांना व्हावी, हा त्यामागील हेतू. येथील अस्त्र हटले, ते दोन्ही पक्षांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने. तेथे जाणाऱ्याने क्षेपणास्त्राची उंची अवश्य पाहावी. परंतु त्या अर्धोन्मीलित झाकणापाशी क्षणभर अधिक थांबावे. शत्रूला भय दाखविण्यापेक्षा त्याला खात्री पटविणे कठीण असते, पण एका निसटलेल्या पान्ह्याने ती शांतता भंगत नाही.