सव्वीस क्रमांकाच्या लेण्यात

फर्दापूरच्या तिठ्यावर आपली गाडी सोडायची, तिथून चार किलोमीटर महामंडळाच्या बसने जायचे आणि मग अजिंठ्याच्या पायऱ्या चढायच्या. आईचे गुडघे त्या पायऱ्यांना राजी नव्हते, म्हणून विहाराच्या सहलीला ती आली नाही. "तथागतांचं महापरिनिर्वाण डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा फोटो आणा," एवढेच तिने बजावले.

हे शिल्प सव्वीस क्रमांकाच्या चैत्यगृहात, डाव्या बाजूच्या भिंतीवर आहे. भिक्खू बुद्धभद्रांनी पाचव्या शतकात हे लेणे मंत्री भव्विराज यांच्या स्मरणार्थ कोरविले, असे तिथला शिलालेख सांगतो. पहुडलेली मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे आणि खाली शोक करणारे शिष्य. समोर लगेच खांबांची रांग. मागे सरकायला जागा नाही!

पुतण्याने भिशीच्या पैशातून कॅमेरा घेतला होता. दुकानदाराने वर ५५-२५० ची लांब लेन्सही गळ्यात मारली होती. "काका, लांबचं जवळ दिसतं." पण इथे सगळे जवळच होते. मुख आले, चरण आले, अख्खे तथागत काही चौकटीत मावेनात. त्यात अंधार. फ्लॅशला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. भिंतीवरची चित्रे आपल्याच पूर्वजांचा ठेवा आहेत. आलेले फोटो आईला दाखविताना पुतण्या खाली मान घालून बसला.

लेण्यांसाठी कॅमेरा घ्यायचा तर पैसे लेन्सवर घालावेत. साध्या डीएसएलआरसोबत मिळणारी १८-५५ ची लेन्स खरी कामाची. १८ वर ठेवली की रुंद भाग मावतो. अंधारासाठी एफ १.८ ची ५० मिलिमीटरची छोटी लेन्स परवडते. १८-५५ लांब केल्यावर तिचे तोंड ५.६ पर्यंतच उघडते; १.८ मधून त्याच्या नऊ-दहा पट उजेड आत येतो. मात्र तिच्यात रुंद दृश्य मावत नाही, तिने एकेक मुद्रा टिपावी. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. बारा बाय आठ इंचांच्या स्वच्छ फोटोला नऊ मेगापिक्सेल पुरतात, म्हणून जुना वापरलेला कॅमेराही चालतो. जुनी लेन्स घेताना तिच्यातून बॅटरीचा झोत टाकून पाहावा. पावसाळी हवेत आत बुरशी धरते, ती जाळ्यासारखी दिसते. फोनचे म्हणाल तर नव्या फोनमध्येही रुंद लेन्स असते, पण फोटो मोठा केला की काळोखातला दगड पिठूळ दिसतो.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघेच पुन्हा गेलो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून मंगळवार धरला. १८-५५ लावली, आयएसओ ३२०० केला. कोरीव खांबाला टेकायचे नाही. कोपरे बरगड्यांना घट्ट लावली. चरणांच्या बाजूला उभे राहून पुतण्याने श्वास रोखला आणि तिरपा फोटो घेतला. सहाव्या खेपेला सगळे मावले.

फ्रेम बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावली आहे. आईने चष्मा पुसला आणि खालच्या रडणाऱ्या शिष्यांवर बोट ठेवून एकेक मोजू लागली.