द्वाड कोणाला म्हणावे?

वर्गात स्वस्थ न बसणाऱ्या मुलासाठी मराठीत शब्दांची टंचाई कधीच पडली नाही. द्वाड, उनाड, वांड, व्रात्य, अचपळ, चळवळ्या. आणि एवढ्यानेही भागले नाही तर ‘याच्या पायाला भिंगरी लागली आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. यांतील बरेचसे शब्द लाडानेही उच्चारले जातात, हे खरे. परंतु मूल सातआठ वर्षांचे झाले, शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या आणि घरात रोज संध्याकाळी रडारड सुरू झाली, की त्याच शब्दांतला लाड निघून जातो आणि उरतो तो केवळ ठपका. मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए. करीत असताना पुस्तकात वाचलेली एक व्याधी आमच्याच नात्यात, हर्णे बंदरावर माझ्या मावशीच्या घरी नांदत होती. अशा मुलावर उपचार करताना मानसशास्त्रज्ञ नेमके काय करतो, हे त्यामुळे मला जवळून पाहावयास मिळाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

या व्याधीला ‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ असे लांबलचक नाव आहे. व्यवहारात ‘एडीएचडी’ म्हणतात. आपण तिला अवधानाची उणीव व अतिचंचलता म्हणू. १९०२ साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांविषयी व्याख्याने दिली, तेव्हा त्यांनी यास नैतिक नियंत्रणातील दोष मानले होते. म्हणजे तेथेही प्रारंभ ठपक्यापासूनच झाला! अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात अवधानाच्या उणिवेला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली, आणि आजचे नाव आले १९८७ साली. आज असे मानतात की, ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईबापांनी लाडावून ठेवल्यामुळे ती होत नाही, आणि अर्थातच मारल्याने जात नाही.

ज्यांनी हर्णे पाहिले आहे त्यांना तेथला मासळीचा लिलाव ठाऊक असेल. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या, त्यांतून उतरणारी मासळी, बैलगाड्यांची ये-जा, आणि वाळूवर मांडलेल्या पापलेट-सुरमई-कोळंबीच्या ढिगांभोवती चाललेली बोली. या गर्दीत माझा मावसभाऊ अगदी रमून जाई. कोणता ढीग केवढ्याला गेला, कोणी बोली वाढवली आणि कोणी माघार घेतली, हे सारे तो घरी येऊन बिनचूक सांगे. तोच मुलगा चौथीच्या वर्गात पाच उदाहरणांपैकी दुसऱ्यावरच उठे, पुढच्याची टोपी ओढी, प्रश्न पुरा होण्यापूर्वी उत्तर देई आणि दप्तर शाळेतच विसरून घरी येई. शाळेत अंगठे धरून उभे राहणे आणि घरी पाठीत धपाटे, हा नित्यक्रम होता. आजीने अंगारा लावून पाहिला. आणि काकांचा तर निर्णयच झाला होता. “लिलावातले सगळे ज्याच्या ध्यानात राहते, त्याला आजार कसला? अभ्यास नको आहे त्याला. चौथी झाली की आणतो होडीवर.”

काकांच्या या प्रश्नात तथ्य होते, हे मान्य करावयास हवे. मन लागत नाही म्हणावे, तर मासळीत ते तासन्‌तास लागते! अशा ठिकाणी ‘मुद्दामच करतो’ हा निष्कर्ष कोणीही काढील.

पावसाळ्यातील मासेमारीबंदीत होडी किनाऱ्यावर ओढलेली होती, म्हणून काकांना सवड झाली. ओळखीने मुंबईतील एका सार्वजनिक रुग्णालयाचा पत्ता मिळाला आणि रात्रीच्या एस.टी.ने आम्ही निघालो. मी सोबत गेलो तो वाचता-लिहिता माणूस म्हणून. वाटेत काकांनी मला एकदाच विचारले, “हा वेडा आहे असे तर नाही ना सांगणार?” आपल्या जिल्ह्यात मनाच्या दुखण्याचा विषय निघाला की १८८६ पासून उभ्या असलेल्या रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाचीच आठवण येते, त्यापलीकडे मनाचे काही शास्त्र असते, हे कोण सांगणार?

तेथील मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिल्या दिवशी निदान सांगितलेच नाही. डोळे आणि कान तपासून घ्या म्हणाल्या. मुलाची झोप, जन्माची हकिगत, घरातील ताणतणाव विचारले. शिक्षकांनी भरावयाची प्रश्नावली दिली. लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असावीत, सहा महिने तरी टिकलेली असावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, असा दंडक आहे. केवळ एका ठिकाणी मूल बिथरत असेल, तर दोष त्या ठिकाणाचाही असू शकतो. पुढे त्यांनी बुद्धिमापन केले. बिने यांची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठी व कानडी मुलांसाठी जुळवून घेतली होती, हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या चाचणीचा उपयोग कशासाठी असतो, ते येथे कळले. मुलाची बुद्धी कमी नाही, हे त्यातून कागदावर आले. ते ऐकून मावशीने डोळे पुसले.

काकांचा प्रश्न मात्र तसाच होता. बाईंनी तो खोडून काढला नाही. त्यांनी समजावले की, लिलावात क्षणोक्षणी नवे काही घडते. तेथे लक्ष बाहेरून ओढले जाते. गणिताच्या वहीत ते आतून लावावे लागते. या मुलांना लक्ष असते. ते हवे तेव्हा, हवे तेथे वळवणे आणि धरून ठेवणे जमत नाही. एवढे सांगून त्यांनी सहज विचारले, “सुट्टीच्या दिवशी होडीवर नेता तेव्हा त्याला कोणते काम सांगता?”

काका म्हणाले, “दोराजवळ उभा करीत नाही. त्याचे ध्यान नसते, पाय अडकायचा. एका वेळी एकच काम सांगतो. ते झाले की दुसरे. आणि माझ्या नजरेसमोर ठेवतो.”

“आणि चुकला तर मारता?”

“होडीवर कशाला मारीन? तो तसाच आहे, हे ठाऊक आहे मला.”

बाई म्हणाल्या, “मग शाळेसाठीही एवढेच करावयाचे आहे.”

मला वाटते, मानसशास्त्रज्ञाच्या कार्याचे मर्म या संवादात आहे. आपण समजतो की तो मुलाला समोर बसवून उपदेश करतो आणि मूल सुधारते. वास्तविक त्याचा बराचसा वेळ भोवतालच्या वडीलधाऱ्यांवरच खर्च होतो. मुलाच्या हातून काय होत नाही आणि तो काय करीत नाही, यांतील भेद तो त्यांना दाखवितो. काकांना तो भेद समुद्रावर ठाऊक होता. जमिनीवर आल्यावर तो विसरत असे. पुढे ज्या सूचना मिळाल्या त्या दिसावयास अगदी साध्या. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, नजरेला नजर देऊन. दहा उदाहरणे एकदम न देता तीन-तीन. मध्ये फळा पुसणे, खडू आणणे असे उठण्याचे काम. बसावयास पुढचा बाक, खिडकीपासून दूर. चांगल्या वागण्याची शाबासकी त्याच क्षणी. शनिवारी मिळणाऱ्या बक्षिसाचा या मुलांना उपयोग नाही, कारण शनिवार फार लांब असतो. हे सारे महिनोन्‌महिने न कंटाळता करणे मात्र साधे नाही, आणि त्यासाठी आईबापांना शिकवावे लागते.

औषधाचे काय, असे कोणी विचारील. १९३७ साली अमेरिकेत डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांना असे आढळले की, उत्तेजक औषधाने अशी मुले उलट स्थिर होतात. त्याच वर्षी मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने भारतातील पहिले बाल मार्गदर्शन केंद्र काढले. औषध आणि मार्गदर्शन हे दोन प्रवाह आज एकत्र वाहतात. औषध लिहून देणे हे मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे काम, मानसशास्त्रज्ञाचे नव्हे. मिथाइलफेनिडेटसारखे औषध पुष्कळ मुलांना निश्चित गुण देते. त्याने भूक मंदावते, झोप उडू शकते, म्हणून वजन-उंचीवर लक्ष ठेवावे लागते. सहा वर्षांखालील मुलांत मात्र पालकांच्या प्रशिक्षणालाच अग्रक्रम देतात. आमच्या भावाला औषध सुरू झाले, आणि सूचनाही. औषधाने तो बाकावर बसू लागला. परंतु बसल्यावर त्याला हाताशी धरणारे कोणी हवेच होते. वर्गशिक्षिकेने तो भार आनंदाने उचलला.

तो आज सातवीत आहे. दप्तर अजूनही विसरतो. अक्षर वाईट आहे. परंतु तो शाळेत आहे, आणि होडीवर जाणार की आणखी शिकणार, हे त्याचे त्यालाच ठरवता येईल. होडीवर जाण्यात कमीपणा काहीच नाही. केवळ ती वाट ‘दुसरे काही जमत नाही’ म्हणून त्याच्या माथी मारली जाऊ नये.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत या व्याधीचा समावेश आहे. तपासणी पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत जातात. २०२२ पासून ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. परंतु प्रत्येक महिन्याला मूल घेऊन मुंबई गाठणे किती कुटुंबांना परवडेल? एक फेरी म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. हंगामात तर होडी सोडून जाता येत नाही, आणि उपचार तेथेच तुटतो. बी.ए.च्या पदवीवर कोणी उपचार करू शकत नाही, व करूही नये. पदव्युत्तर शिक्षण, रुग्णालयातील प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी असा तो लांबचा पल्ला आहे. आमच्या वर्गात मानसशास्त्र घेतलेले बरेच जण आहेत. त्यांतील एकदोघांनी तो पल्ला गाठून पुन्हा दापोली-हर्णेच्या बाजूला यावे, एवढेच या लेखाच्या निमित्ताने सुचवावेसे वाटते. शिक्षक होणाऱ्यांनीही पुढच्या बाकावरची एक जागा अशा मुलासाठी राखून ठेवावी.