राइट बॅककडे कोण बघतं?

संपादकांनी सांगितलं, एखाद्या फुटबॉलपटूच्या कारकिर्दीवर लिहा, पण फार तांत्रिक नको. त्यांच्या मनात मेस्सी असणार. मी गॅरी नेव्हिल निवडला, बचावात उजवीकडं खेळणारा राइट बॅक, त्याला कारण आहे. कोल्हापुरात पोरांना शिकवताना एक गोष्ट पक्की कळते : प्रत्येकाला फॉरवर्ड व्हायचं असतं. परवाच एका राइट बॅकचे वडील तावातावानं आले, ‘सर, पोरगं मागं सडतंय.’ खुद्द नेव्हिललाही टीव्हीवरच्या जोडीदारानं, जेमी कॅरागरनं, चिडवलं होतं की मोठेपणी गॅरी नेव्हिल व्हावं असं कुठल्याच पोराला वाटत नाही.

हा माणूस मँचेस्टर युनायटेडकडून 602 सामने खेळला, इंग्लंडकडून 85. प्रीमियर लीग आठ वेळा जिंकला. करायचा काय? इथं थोडं तांत्रिक व्हावंच लागेल. उजवीकडं बेकहॅमच्या पायात बॉल आहे. नेव्हिल मागून येतो आणि टचलाइनला चिकटून त्याच्या बाहेरून पुढं पळतो. समोरचा लेफ्ट बॅक पेचात पडतो : बेकहॅमला अडवू की याच्यामागं जाऊ? तो दोन पावलं हलला की बेकहॅमला क्रॉस टाकायला जागा झाली. नेव्हिलला बहुतेक वेळा बॉल मिळायचाच नाही, वर तेवढंच अंतर उलटं पळत यायचं. कॅमेरा बॉलमागं असतो. टाळ्या बेकहॅमला.

2011 साली निवृत्त झाल्यावर स्काय स्पोर्ट्सवर तो नेमकं हे न दिसणारं दाखवू लागला. चित्र थांबवायचं आणि बचावपटूची कंबर कुठं वळलीय ते दाखवायचं. कंबर स्वतःच्या गोलकडं असेल तर बाहेर यायला उशीर होतो, मैदानाकडं असेल तर पाठीमागून पळणारा दिसत नाही. तिरकं उभं राहायला हवं. माझ्या धंद्यातला निम्मा अभ्यासक्रम एवढ्यात आला.

डिसेंबर 2015 मध्ये स्पेनच्या व्हॅलेन्सिया क्लबनं त्याला मुख्य प्रशिक्षक नेमलं. पुढचं सगळ्यांना पाठ आहे : लीगच्या 16 सामन्यांत तीन विजय, कोपा देल रे या स्पॅनिश चषकात बार्सिलोनाकडून 7-0 हार, आणि मार्च संपायच्या आत हकालपट्टी. तेव्हापासून ‘बोलायला काय जातंय’ म्हणणाऱ्यांना आयतं उदाहरण मिळालं. चहाच्या गाडीवर मी हा वाद इतक्या वेळा घातलाय की घरचे आता विषय बदलतात.

तरीही सांगतो. मोसम आधीच सुरू झालेला. भाषा स्पॅनिश, ती याला येत नव्हती. इंग्लंड संघात रॉय हॉजसनचा सहायक होता, पण मुख्य प्रशिक्षक म्हणून आधी एकही संघ सांभाळलेला नाही. आणि चार महिन्यांत 28 सामने, म्हणजे सरासरी चार दिवसांनी एक. त्यातला सामन्यानंतरचा दिवस विश्रांतीचा, एक प्रवासाचा, सामन्याआधी हलका सराव. बचावाच्या चौघांना एका रेषेत सरकायला शिकवायचं कधी? ते सांगून येत नाही, शंभरदा करून पायात बसावं लागतं. टीव्हीवर चित्र थांबवता येतं. लायनीवर उभ्या प्रशिक्षकाला ती सोय नसते. एवढ्यावरून त्याचं विश्लेषण खोटं ठरत नाही. ही नेमणूक त्यानं स्वीकारायला नको होती, हे मात्र मलाही पटतं.

मी पोरांना मोबाइलवर क्लिपा दाखवतो. माना डोलावतात, ‘कळलं सर’ म्हणतात, आणि रविवारी तीच कंबर, तीच दिशा. माझं समजावणं त्यांच्या पायापर्यंत पोचतं का, याची खात्री मला अजून देता येत नाही. म्हणून आता क्लिपा कमी केल्या आणि सराव वाढवलाय.

त्या वडिलांना मी एवढंच म्हणालो, पुढच्या सामन्यात पहिली दहा मिनिटं बॉलकडं बघू नका, फक्त पोराकडं बघा. आले होते. तिसऱ्या मिनिटाला बॉलमागं मान फिरली.