वीरलोकाची वाट

वाट पाहण्याच्या कामात आमच्या घरात माझा हात धरणारा कोणी नाही, असा माझा पुष्कळ वर्षांचा समज होता. तो माझ्या नातवाने खोटा ठरविला, आणि तोही एका गोळीबाराच्या खेळापायी.

गोळीबाराचा खेळ म्हटल्याबरोबर वडीलधाऱ्या वाचकांच्या कपाळाला आठी पडेल हे मी जाणून आहे. माझ्याही पडली होती. २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारने ‘पबजी’ नावाच्या खेळावर बंदी घातली, तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. पुढच्या वर्षी तोच खेळ नाव बदलून परत आला, आणि २०२२ च्या जुलैत तोही फोनच्या दुकानातून काढला गेला. नातू तेव्हा सातवीत होता. मोठ्या आतेभावाच्या खांद्यावरून डोकावून हा खेळ पाहणे एवढेच त्याच्या वाट्याला आले होते. पण तेवढ्यावरही बंदी आल्यावर त्याचा चेहरा असा काही उतरला, की मला माझ्या त्या मनातल्या पेढ्यांची लाज वाटली.

त्याच वर्षी केव्हातरी तो शाळेतून धावत आला आणि दप्तर न उतरवताच म्हणाला, “आजोबा, आता आपल्या पुण्यातच बनतोय! ‘इंडस’ नाव आहे त्याचं!”

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने या खेळाची घोषणा केली होती. फोनवर आलेली त्याची चित्रफीत नातवाने मला निदान चाळीस वेळा तरी दाखविली असेल. पहिल्या चार-पाच वेळा मी केवळ त्याचे मन राखण्यासाठी पाहिली. पुढे मला तिची गोडी लागली, हे कबूल केले पाहिजे. सिंधू नदीकाठची ती प्राचीन संस्कृती लोप न पावता वाढत वाढत थेट ताऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचली असती तर तिचे रूप कसे असते, या कल्पनेवर सारा डोलारा उभा. वीरलोक नावाची एक अज्ञात भूमी. तेथे यक्षांनी मागे ठेवलेल्या प्रचंड वास्तू. यक्ष निघून गेलेले आणि त्यांचे वैभव तेवढे सुने उभे. मला त्यातले बंदुकांचे आवाज मुळीच आवडत नसत. पण बंदुका सुरू होण्यापूर्वीची ती निर्जन शांतता, ते निळसर धुके, ती कोणी नसलेली दालने! हा माणूस आता आत पाऊल टाकणार, एवढ्यात चित्रफीत संपे, आणि आम्ही दोघेही पुन्हा पहिल्यापासून लावीत असू.

खेळाचा नियम त्याने मला समजावून सांगितला. पुष्कळ गडी एकाच भूमीवर उतरायचे, कुंपण हळूहळू आवळत जायचे आणि शेवटी उरेल त्याची जीत. पण ‘इंडस’मध्ये जिंकण्याची आणखी एक युक्ती होती. डावाच्या अखेरीस ‘कॉस्मियम’ नावाचे दुर्मिळ खनिज प्रकट होते. ते जो ताब्यात घेईल त्याचीही जीत. म्हणजे उरलेल्या सर्वांना मारल्यावाचूनही जिंकता येते तर! हे ऐकून माझ्या कपाळावरची अर्धी आठी उतरली.

“यक्ष म्हणजे आपले ते नारळीकरांचे का रे?” मी विचारले. त्याला नारळीकर ठाऊक नव्हते. मी कपाटातून ‘यक्षांची देणगी’ काढून त्याच्या हाती दिले आणि सांगितले, की या गृहस्थांनी आपली पहिली विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठविली ती टोपणनावाने, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नीकडून लिहवून घेऊन. नातवाने पुस्तकापेक्षा त्या लबाडीचेच अधिक कौतुक केले. पुस्तक मात्र त्याने वाचले. खेळ येईपर्यंत वेळ घालवायचा कसा, हा प्रश्न होताच.

२०२३ च्या जानेवारीत खेळाची पूर्वनोंदणी सुरू झाली. पहिल्याच दिवशी नोंदणी करून तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. “आजोबा, नोंदणी केली!”

नोंदणी हा शब्द ऐकला आणि मी एकदम सेहेचाळीस वर्षे मागे गेलो. १९७७ साली आमचे नवे लग्न झाले होते. मी चिंचवडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो होतो आणि निगडीहून सायकलने जात-येत होतो. वाटेत आकुर्डीला बजाजचा कारखाना. चेतक स्कूटर तेथेच तयार होई. माझ्या डोळ्यांदेखत त्या कोऱ्या स्कूटरी ट्रकमधून दोरखंडाने बांधून देशोदेशी जात, आणि फाटकासमोरून रोज जाणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र अनामत भरून रांगेत उभे राहावे लागे. सरकारी परवान्यापेक्षा अधिक गाड्या काढण्याची कारखान्यालाच मुभा नव्हती, मग दोष तरी कोणाला देणार? आमच्या सौभाग्यवतीची इच्छा एकच होती, भर पावसात स्कूटरवरून लोणावळ्याला जायचे. नोंदणीची पावती तिने देव्हाऱ्याखालच्या डब्यात जपून ठेवली. स्कूटर आली ती १९८५ साली. तोवर पदरी दोन मुले. एक पुढे उभे, एक मध्ये दाटलेले, आणि मागे ही, मांडीवर दळणाचा डबा घेऊन. लोणावळ्याचे नाव तिने काढले नाही. मीही काढले नाही.

त्या दोन मुलांतला पुढे उभा राहणारा तो या नातवाचा बाप. चाकणच्या एका कारखान्यात तो वेल्डिंगच्या विभागात आहे. आठवड्याला शिफ्ट बदलते. बाप घरी येतो तेव्हा मुलगा शाळेत, मुलगा येतो तेव्हा बाप निघालेला किंवा झोपलेला. आमच्या भागात हे घरोघरी आहे, त्यात नवल नाही. पण या खेळाच्या निमित्ताने बापलेकांत एक करार झाला होता. खेळ आला, की पहिला डाव दोघांनी मिळून खेळायचा. तोवर कोणी एकट्याने उघडायचा नाही. डबा भरता भरता बाप विचारी, “काय, आला का तुझा खेळ?” आणि मुलगा म्हणे, “नाही अजून.” कित्येक आठवडे त्यांच्यात एवढेच संभाषण होत असे, पण ते चुकत नसे.

२०२३ च्या खंडेनवमीला चिरंजीवांच्या कारखान्यात पूजेसाठी घरच्या मंडळींना बोलावले होते. नातवाला घेऊन मी संध्याकाळी तळवड्यावरून निघालो. इंद्रायणी ओलांडली, महाळुंगे आले, आणि दोन्ही बाजूंनी कारखान्यांचे दिवे सुरू झाले. हवेत धूर आणि धूळ. त्या धुरकट उजेडात उंच शेड, नळकांड्या, मधूनच सुनसान पडलेला एखादा भूखंड. नातू काही बोलत नव्हता.

आत गेलो. रोजचा खडखडाट बंद होता. एवढ्या मोठ्या शेडमध्ये एवढी शांतता मी नोकरीच्या साऱ्या वर्षांत खंडेनवमीखेरीज कधी अनुभवली नाही. आणि त्या शांततेत, पिवळ्या कुंपणाच्या आत, ओळीने उभे होते वेल्डिंगचे रोबोट. माणसाहून उंच, नारिंगी, मान खाली घातलेले. प्रत्येकाच्या गळ्यात झेंडूचा हार, मनगटाच्या सांध्यावर हळदकुंकू, पायाशी नारळ. उदबत्तीचा धूर त्यांच्या पोलादी हातांतून वर चढत होता.

नातवाने माझा हात घट्ट धरला. “आजोबा,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “हाच वीरलोक आहे.”

चिरंजीव तिकडून आले, कपाळाला कुंकू, अंगात निळा गणवेश. एका रोबोटच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “हा माझा.” इतकेच. पण परतीच्या वाटेवर नातवाने मला तीन वेळा विचारले, की बाबा रोज रात्री तिथे एकटेच असतात का, आणि ते यंत्र चालू असताना ठिणग्या किती उंच उडतात. चित्रफितीविषयी तो त्या रात्री काही बोलला नाही.

त्या दिवाळीला बोनसमधून चिरंजीवांनी नवा फोन घेतला. जुन्यावर हा खेळ चालणार नाही, असे मुलाने सांगितले होते.

मग २०२४ उजाडले. पूर्वनोंदणी एक कोटीवर गेल्याची बातमी आली, तारीख मात्र येईना. आणि या अवधीत, मोठी मौज अशी की, माझी उत्कंठा वाढत होती आणि नातवाची ओसरत होती. त्याचा आवाज फुटला. ओठावर लव आली. नववीत गेला, क्रिकेटच्या संघात घेतला गेला. बापाने विचारले, “आला का?” तर “नाही अजून” हे उत्तर पूर्वीसारखेच येई, पण ते देताना तो बापाकडे पाहत नसे.

अखेर तारीख जाहीर झाली, १६ ऑक्टोबर २०२४. त्या दिवशी नेमकी कोजागिरी. चिरंजीवांची दुसरी शिफ्ट, म्हणजे घरी यायला साडेबारा. गच्चीवर सतरंजी घातली, दूध आटविले. खेळ फोनवर उतरवून नातू शेजारी बसला होता. करार पाळून त्याने तो उघडला नव्हता.

“आजोबा, एक सांगू?” तो म्हणाला. “आता तेवढं वाटत नाही. वर्गात कुणीच वाट बघत नव्हतं. बाबांना नका सांगू.”

मी बरे म्हटले. सौभाग्यवती दुधात चारोळी घालीत होत्या. त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे. पण त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, आणि १९८५ च्या त्या स्कूटरची मला आठवण झाली.

पावणेएकला जिन्यात बुटांचा आवाज आला. चिरंजीव गणवेशातच थेट गच्चीवर. “आला ना?” हा प्रश्न त्यांनी दारातूनच केला. हातपाय न धुता ते सतरंजीवर बसले आणि डबा बाजूला सरकवून फोन हाती घेतला. नातवाने माझा फोन उचलला. आम्ही दोघे म्हातारे चंद्राकडे पाहिल्यासारखे करीत त्यांच्याकडे पाहत राहिलो.

पहिल्याच झटापटीत चिरंजीव गारद झाले. दुसऱ्यातही. वेल्डिंगने राठ झालेला त्यांचा अंगठा फोनच्या काचेला कळतच नव्हता. ते दाबीत, आणि पडद्यावरचा त्यांचा वीर भिंतीशी तोंड करून उभा. “अरे, हा ऐकत का नाही?” ते म्हणाले. नातू हसला. मग त्याने बापाचा हात ओढून घेतला, अंगठ्यावर तोंडाची वाफ दिली, आपल्या सदऱ्याने पुसला आणि म्हणाला, “आता हळू टेकवा. जोरात नाही. डावीकडे चला बाबा, मी आहे मागे.”

दूध निवले होते. मी ते पुन्हा तापवायला खाली घेऊन गेलो.